आग्नेयेकडचं काळं

माझ्या साडूच्या तोंडून सरळ 'हो' किंवा 'नाही' ऐकलेला माणूस अजून जन्माला यायचा आहे. मुलगी बघायला आला तेव्हा सासऱ्यांनी विचारलं, "पसंत आहे का?" तर हा म्हणाला, "परिस्थिती अनुकूल आहे." लग्नाला बरीच वर्षं झाली, पण मेव्हणी म्हणते की नक्की उत्तर तिला अजून मिळालेलं नाही. जेवताना "भात वाढू का?" म्हटलं की तो "शक्यता नाकारता येत नाही" म्हणतो. त्यामुळे आमच्या घरी त्याला न विचारताच वाढतात. हवामानाचा संशोधक असल्यामुळे हे असं झालं, की असं असल्यामुळे तो हवामानाकडे वळला, हा माझा जुना गोंधळ आहे.

त्याच्याकडे ट्रकवर बसवलेलं रडार आहे. बंगालच्या उपसागरातलं चक्रीवादळ आंध्रच्या किनाऱ्याला लागणार असं कळलं, की इतर शास्त्रज्ञ किनाऱ्याकडे धावतात. हा ट्रक घेऊन आला तो सिंदेवाहीजवळच्या एका शेतात. समुद्र कुठे आणि सिंदेवाही कुठे! मी विचारलं तर म्हणाला, "किनाऱ्यावर सगळेच बघतात, दादा. जमिनीवर चढल्यावर, जंगलात शिरल्यावर ते काय करतं, हे कुणी बघत नाही. ते इथे येण्याची शक्यता आहे." अशा वादळाची तो तीन वर्षं वाट पाहत होता. आमच्या ऊर्जानगरच्या घरून त्याचा डबा पोचवायचं काम बायकोने माझ्यावर टाकलं, म्हणून मी साक्षीदार झालो.

गावात पहिल्या दिवसापासून गोंधळ होता. कुणाला तो मोबाइलचा टॉवर वाटला. एका पुढाऱ्याने नारळ फोडून फिरत्या तबकडीवर हार फेकला, आणि तो झेंडू दुपारपर्यंत गोल फिरत राहिला. एकाने विचारलं, "याच्यात वाघ दिसते का जी?" साडू प्रामाणिकपणे म्हणाला, "शक्यता कमी आहे." कमी म्हणजे आहेच, असा अर्थ घेऊन त्या दिवशी कुणी एकटं शेताकडे फिरकलं नाही.

ट्रक उभा होता त्या शेताच्या मालकीण कौसल्याबाईंच्या खळ्यावर. बांध्यांतली, म्हणजे धानाच्या वाफ्यांतली, जमीन अजून ओली होती. एवढं वजन पेलेल अशी टणक, उंच जागा तेवढीच. बाईंचं सगळं धान कापून बांध्यांत सुकत पडलेलं. ते पावसात सापडलं तर कोंब फुटणार, आणि न सुकता भारे बांधून पुंजणं घातलं, म्हणजे त्यांची गंजी रचली, तर आत तापून काळं पडणार. वर्षभराचा भात त्या एका निर्णयावर होता.

"साहेब, पानी येते का नाई, तेवढं सांगा."

"मध्यम ते जोरदार सरींची शक्यता..."

"शक्यता मले बी मालूम आहे जी! पुंजनं घालू का नको?"

"वादळाचा मार्ग अजून अनिश्चित आहे, बाई."

"एवढा मोठा डब्बा घेऊन आले अन् सांगता नाई येत? मंग फिरवून काऊन राह्यले?"

मला हसू आलं, पण साडू हसला नाही. तो ट्रकमध्ये जाऊन पडद्यापुढे बसला. बऱ्याच वेळाने बाहेर येऊन त्याने खळ्याकडे पाहिलं. ट्रकने व्यापल्यावर पुंजण्यापुरती जागा उरली होती ती फक्त आग्नेयेला. वादळही आग्नेयेकडूनच येणार होतं. त्या बाजूला धान माणसाच्या डोक्यावर चढलं, की जमिनीलगतचा पाऊस, जो बघायला तो तीन वर्षं थांबला होता, रडारपासून त्या ढिगामागे लपणार. आणि पायांवर तोलून बसवलेला ट्रक हलवायला वेळही नव्हता, रस्ताही नव्हता.

त्याने चष्मा पुसला, परत घातला, परत काढला.

"घाला," तो म्हणाला.

मी चमकून बघितलं. मागून 'शक्यता' येईल म्हणून थांबलोही. आली नाही.

मग बाई, त्यांची माणसं, साडू आणि नाइलाजाने मी, असे सगळे भारे वाहू लागलो. साडू भारा उलटा धरी. "साहेब, लोंबी आतमंधी ठेवा, आतमंधी! असे कसे शिकले जी तुम्ही?" बाई ओरडत. शेवटच्या भाऱ्यावर ताडपत्री पडली आणि आभाळ काळवंडलं. मग दोन दिवस पाऊस थांबला नाही.

वादळ अगदी त्याला हवं तसं आलं, आमच्या डोक्यावरून गेलं. इतक्या वर्षांनी परवा आमच्या घरी लॅपटॉपवर त्याने त्या वादळाचं रडारवरचं चित्र दाखवलं. हिरवे, पिवळे, लाल पट्टे, आणि आग्नेयेला कलिंगडाची फोड कापून न्यावी तशी एक काळी फट. तसं वादळ त्या वाटेने पुन्हा आलेलं नाही, आणि त्याच्या निवृत्तीला आता फार दिवस उरलेले नाहीत.

"हे काळं काय आहे हो?" माझ्या बायकोने विचारलं.

त्याने त्या फटीवर बोट ठेवलं.

"तिथं धान आहे," तो म्हणाला. 'असावं' म्हणाला नाही.