माहेरी नेलेला फ्रीज

माझ्या बायकोनं माहेर तोडलं, असं आमच्या नात्यात आजही सांगतात. ते खोटं आहे. तिचं माहेर गडचिरोलीच्या जंगलात, हेमलकशाच्या पुढं. वाटेत उन्हानं तिचं इन्सुलिन खराब होईल, या भीतीनं मीच तिला वर्षानुवर्षं अडवलं. लोक तिला बोल लावत राहिले आणि मी गप्प बसलो.

या मे महिन्यात तिला घेऊन मी चंद्रपूरला गाडीत चालणारा फ्रीज पाहायला गेलो. दुकानदारानं हलका, स्वस्त डबा पुढं केला. "घ्या भाऊ, बाहेरच्यापेक्षा वीस डिग्री थंड ठेवते."

"बाहेर सेहेचाळीस हाय," बायको म्हणाली. "मंग आत सव्वीस. त्यापरीस माह्यं मडकं काय वाईट हाय?"

मी कॉम्प्रेसरवाला मागितला. जड होता, महाग होता, पण बाहेर कितीही तापलं तरी आत पाच डिग्री राखणारा.

मुलाचा फोन आला. "बाबा, या वयात जंगलात काऊन जाता?"

"जाऊन राह्यलो. तुले इचारलं नाई."

तिच्या भावाकडे दोन दिवस राहिल्यावर मी निघायचं म्हटलं. ती म्हणाली, "मी महिनाभर राहतो. फ्रीज इथीच ठेवा."

"इथी लाईन टिकत नाई. तो गाडीच्या बॅटरीवर चालते."

"मंग गाडीबी ठेवा."

ठेवली. बॅटरी उतरू नये म्हणून तिचा भाऊ रोज इंजिन चालू करतो. मी एसटीनं परतलो. बायको कुठं आहे असं कोणी विचारलं, की चारचौघांत मोठ्यानं सांगतो: माहेरी.