फौजदारांचा पंचनामा

मोताळ्यात जेवढे गुन्हे घडले नाहीत, तेवढ्यांचा तपास आमच्या शेजारच्या फौजदारांनी एकट्या पेन्शनीत केला. तरुणपणी पलटणीत होते, बसऱ्याच्या लढाईत एक मेडल मिळालं, मग वऱ्हाडभर पोलिसातली नोकरी, आणि शेवटी हे दोन खणांचं घर. बायको वारलेली, मुलगा जबलपूरला रेल्वेत. विहिरीवर पाणी शेंदायला निघाले तरी पायात बूट आणि पोटऱ्यांना पट्ट्या. बाजारात वांगी घेताना वांगीवालीचं नाव, बापाचं नाव आणि गाव विचारल्याशिवाय तिला तराजूला हात लावू देत नसत. बिचारी दर बाजाराला तेच सांगे आणि वर दोन वांगी जास्त टाके.

खरी हौस मात्र पंचनाम्याची. मांजरीनं दूध सांडलं, पंचनामा. वाऱ्यानं कौल पडलं, पंचनामा. कायदा काहीही म्हणो, फौजदारांच्या मते पाचाहून कमी पंच म्हणजे गुन्ह्याचा अपमान. मी शाळामास्तर, अक्षर बरं, म्हणून लिहिणं माझ्याकडे. एकदा मी गमतीनं ‘आरोपी मांजर फरारी’ असं लिहिलं, तर ते गंभीरपणे म्हणाले, "वर्णन लिहा मास्तर. पांढरी हाय, उजवा कान फाटेल हाय." पंचांना ओसरीवर चहा आणि भाजलेल्या शेंगा मिळत. कोणी उठू लागला की फौजदारांना नेमका एखादा मुद्दा आठवे आणि त्याला पुन्हा बसावं लागे.

मग कापसाची वेचणी आली. सगळं गाव शेतात. आठवडा उलटला तरी ओसरीवर चिटपाखरू नाही. एका दुपारी फौजदार स्वतः पोलीस पाटलांकडे गेले आणि मेडल चोरीला गेल्याची वर्दी देऊन आले. बसऱ्याचं मेडल म्हटल्यावर माणसं हातातली वेचणी टाकून आली. पेटी उपसली, कोनाडे पाहिले, गोठा झाडला. फौजदार सगळ्यांना शेंगा वाढत हिंडत होते. इतका आनंदी फिर्यादी मी जन्मात पाहिला नाही. वाढायला वाकले तेव्हा कोटाच्या खिशातून मेडलची रंगीत फीत बाहेर आली. मला दिसली, पाटलांनाही दिसली. मला हसू फुटणार, तोच पाटलांनी माझा हात दाबला.

"साहेब, आज तं काई गवसत नाही," पाटील पागोटं सावरत म्हणाले. "उद्या दिवस बुडता पुन्हा येतो आमी."

फौजदार थबकले. "येसान नं?"

"येऊ नं. सापडेपर्यंत येऊ."

त्या हंगामात मेडल काही सापडलं नाही. रोज संध्याकाळी दोघं-तिघं शेतातून परस्पर तिकडे वळत, कोनाड्यात हात घालून पाहिल्यासारखं करत आणि शेंगा खात बसत. फितीचं कुणाकुणाला ठाऊक होतं, हे गावात कोणी कधी बोललं नाही.

पुढच्या पावसाळ्यात फौजदार गेले. मुलगा जबलपूरहून आला आणि दाराला कुलूप लावून परत गेला. वेचणीच्या दिवसांत शाळा सुटली की अजून माझे पाय तिकडे वळतात. कुलूप दिसतं, पण लगेच घरी जाववत नाही. थोडा वेळ मी त्या पायरीवर बसून राहतो.