चाचांच्या हातातला दोरा

दारात चप्पल होती. डाव्या पायाची, रबरी, टाचेकडं झिजलेली. आयसोलेशन रूमचं दार तिच्यावर अडकून चार बोटं उघडं राहिलं होतं आणि भिंतीवरचा अलार्म वाजत होता.

दुपारची वेळ. सिस्टर जेवायला गेलेल्या. वॉर्डात मी एकटी.

मी नांदेडच्या एका कॅन्सर हॉस्पिटलात ट्रायल वॉर्डची अटेंडंट आहे. ट्रायल म्हणजे नवीन औषधाची माणसांवर केलेली चाचणी. आमच्याकडं तेव्हा आलेलं औषध म्हणजे एक विषाणू होता. व्हायरस म्हटलं की माणूस दोन पावलं मागं सरतो, म्हणून ट्रायलच्या डॉक्टर गायकवाड मॅडमनी मला समजावलं होतं तसंच सांगते. हा व्हायरस प्रयोगशाळेत बदललेला असतो. चांगल्या पेशीत त्याला वाढता येत नाही. कॅन्सरच्या पेशीत तो वाढतो आणि तिला आतून फोडतो. निदान तशी अपेक्षा असते. खरंच तसं होतं का आणि माणसाला ते सोसतं का, हे बघायला ट्रायल.

ज्यांच्यावर बाकीचे उपाय संपले, तेच पेशंट यात घेतात. रहीमचाचा त्यातलेच. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, लिव्हरपर्यंत गेलेला. ऑपरेशन झालं, केमो झाली, दुसरी केमो झाली. गाठी वाढतच राहिल्या. मग लिव्हरमधल्या गाठीत सोनोग्राफीवर बघत सुई घालून व्हायरसचा पहिला डोस दिला. त्यानंतर थुंकीतून, लघवीतून व्हायरस बाहेर पडू शकतो. म्हणून तपासण्या साफ येईपर्यंत पेशंट बंद खोलीत. त्या खोलीतली हवा मशीन ओढून गाळतं. दार उघडं राहिलं की सगळं फुकट.

चाचांचं लातुरात गादीचं दुकान. भूकंपात गाव गेलं, तेव्हा ते कापसाचं पिंजण घेऊन लातूरला आले. पुढं क्लासेस वाढले, गल्लोगल्ली होस्टेलं झाली आणि प्रत्येक खोलीत दोन-तीन गाद्या लागायला लागल्या. ॲडमिट झाले त्या दिवशी त्यांनी गायकवाड मॅडमना विचारलं होतं, "डॉक्टरीन बाई, तुमी लातूरला शिकलात का?"

"हो. अकरावी-बारावी."

"मंग माझ्याच गादीवर निजला असाल. गाठी टोचत होत्या?"

"टोचायच्या."

"त्या मुद्दाम ठेवायचो. पोरं लई झोपू नयेत म्हणून."

मॅडमना मी कामाच्या जागी हसताना फार कमी वेळा पाहिलंय. त्या दिवशी पाहिलं.

तर चप्पल. मी गाऊन, मास्क, ग्लोव्ह्ज चढवले आणि दाराशी गेले.

"चाचा, चप्पल काढा."

"राहू दे बेटी. वारं येऊन राहिलंय जरा."

"वारं मशीन देतं. दार लागलं पाहिजे."

"मशीन मला बाहेर काढनार हाय का?"

मला त्यांचं बोलणं कळलं नाही. मी पायानं चप्पल आत सरकवली. दार आपोआप लागलं, अलार्म थांबला. दाराच्या काचेतून बघते तर चाचा पलंगावर नव्हते. दाराला दोन्ही तळवे टेकून उभे होते. डोसानंतर ताप येतोच, पण हा घाम तापाचा नव्हता. त्यांनी दार ओढलं. अलार्म पुन्हा सुरू.

आता माझं ऐका. माझं गाव तळोद्याकडं, नंदुरबार जिल्ह्यात. भूकंपानंतर इकडं नवी घरं बांधायला मुकादमानं आमची टोळी आणली. माझी शाळा त्या कामापायी सातवीतच सुटली. टोळी परत गेली, आम्ही राहिलो. पुढं मॅडमनी मला झाडण्या-पुसण्यातून उचललं आणि सॅम्पल ओळखायला, गाऊन कसा उतरवायचा ते शिकवलं. इतक्या लांब माझं म्हणावं असं हेच. त्यामुळं वॉर्डात काही वाजलं की मला आधी हे काम जाईल असंच वाटतं. मी मॅडमना फोन लावला. लावायलाच हवा होता. पण लावताना हेही माहीत होतं की या फोनमुळं चाचा ट्रायलबाहेर जाऊ शकतात. आणि बाहेर गेल्यावर त्यांच्यासाठी दुसरं काही उरलं नव्हतं.

मॅडम आल्या. खुणेनं चाचांना दार सोडायला लावलं आणि काचेबाहेरच्या माइकवरून बोलल्या.

"चाचा, तुम्हाला सगळं समजावलं होतं ना? सही केली ना?"

"केली."

"मग?"

"खोलीचं सांगितलं तुमी. दाराचं सांगितलं न्हाई."

मॅडमनी माइक बंद केला आणि मला म्हणाल्या, "डेव्हिएशन लिहावं लागेल." ठरलेल्या नियमापासून ढळलो की ते औषध कंपनीला कळवायचं, त्याला डेव्हिएशन म्हणतात. "एकदा चालून जाईल. पुन्हा झालं तर मला त्यांना काढावं लागेल. माझ्या हातात नाही ते."

चाचांचा मुलगा सलीम बाहेर बाकावर बसला होता. त्याला बोलावलं. त्यानं काचेतून बापाकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

"मॅडम, आमच्या घरात दाराला कडी नाही. संडासालासुद्धा पडदाच आहे. मला वाटलं दवाखान्यात करतील ॲडजस्ट."

"हे आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही तंबाखूचं विचारलं. ॲलर्जीचं विचारलं."

मॅडमनी माइक पुन्हा लावला तसे चाचाच आतून बोलले. कुणी विचारलं नव्हतं. "त्या पहाटे मी अंगणात होतो. बायको आन् पोरगी आत. चौकट दबली, कडी अडकली. मी भाईरून ढकलून राहिलो, त्या आतून वढून राहिल्या. दार हाललं न्हाई. मंग छत आलं."

ज्या वस्त्यांत मी विटा वाहिल्या, तिथं नवीन घराला कडी बसवू नका म्हणणारी माणसं होती. मुकादम हसायचा. मीही हसले असेन. आता मी म्हणाले, "मॅडम, मी काचेपाशी बसून राहते." चाचांनी ते ऐकलं.

"तू बसून काय करशील गं? तू बी भाईरच."

खरंच होतं ते.

थोड्या वेळानं त्यांनी आपल्या पिशवीतून दोऱ्याचा गुंडा काढला. गादीला टाके घालायचा जाड सुती दोरा. दवाखान्याची उशी ढिली निघाली तर टाका मारता येईल म्हणून आणलेला. त्यांनी दोऱ्याचं एक टोक दाराच्या हँडलला बांधलं आणि दुसरं मनगटाला. पलंगावर आडवे झाले आणि हात ओढला. दार बोटभर आत आलं, अलार्म वाजला. हात सोडला, दार लागलं.

"चाचा, ओढायचा नाही," मॅडम म्हणाल्या.

"न्हाई ओढनार. ओढता येतंय येवढं कळलं. बस झालं."

मॅडमनी इन्फेक्शन कंट्रोलला फोन केला. आत गेलेली प्रत्येक गोष्ट शेवटी पिवळ्या पिशवीत घालून जाळतात. दोराही जाईल, हरकत नाही, असं उत्तर आलं. कंपनीच्या माणसाला समजावणं जड गेलं. तो फोनवर दोनदा विचारत होता, "थ्रेड? व्हॉट थ्रेड?" मॅडमनी शांतपणे सांगितलं.

तपासण्या साफ येईपर्यंत चाचांनी दार पुन्हा उघडलं नाही. ताप चढला, थंडी वाजली, चाचा दातावर दात आपटत पडून राहिले. पण दोरा ढिलाच होता. सुटी मिळाली त्या दिवशी मीच गाठ सोडली. मनगटावर काळपट वळ उमटला होता.

ट्रायलमध्ये ते राहिले. पुढचे डोस झाले. प्रत्येक वेळी नवा दोरा.

मग स्कॅन आला. गाठी वाढल्या होत्या. आमच्याकडं त्याला प्रोग्रेशन म्हणतात. शब्द ऐकायला चांगला आहे, म्हणजे प्रगती. प्रगती रोगाची. नियमाप्रमाणं औषध बंद.

मॅडमनी चाचांना समोर बसवून सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे तुमचा व्हायरस माझ्यासारखाच. आत गेला आन् अडकला."

चाचांनीच विषय बदलला. "पुढच्याला उपयोग व्हईल ना?"

"होईल," मॅडम म्हणाल्या. डोस सोसला, हे कळलं होतं. तेवढा उपयोग खरा होता.

ते घरी गेल्यावर ट्रायलच्या कामासाठी फोन मीच लावायची. शेवटच्या फोनवर सलीम म्हणाला, "दुपारी गेले. गल्लीतली होस्टेलची पोरं येऊन उभी राहिली. दार तर उघडंच होतं."

त्यानंतर प्रवेशाच्या वेळी विचारायच्या प्रश्नांत मॅडमनी एक प्रश्न वाढवला: बंद खोलीत राहता येईल का. बहुतेक जण हो म्हणतात. बाहेर उभं राहून हो म्हणणं सोपं असतं. म्हणून नवीन पेशंट आला की मी त्याला पलंग नंतर दाखवते. आधी आत नेते, दार लागू देते आणि म्हणते, आता तुम्ही ओढून बघा.