पुठ्ठ्याच्या टोप्या आणि एक विपील

चाकणच्या आमच्या कंपनीत गाड्यांच्या सीटचे सांगाडे बनतात. मी तिथे क्वालिटीला आहे. मागच्या वर्षी आमच्याच मेक्सिकोतल्या कारखान्यातून एक बाई दोन आठवड्यांसाठी ऑडिटला आल्या, आणि एचआरच्या साहेबांच्या अंगात आलं. त्यांनी ‘मेक्सिको डे’ जाहीर केला.

साहेबांचं मेक्सिको म्हणजे टोपी आणि मिशा. शाळांच्या गॅदरिंगसाठी भाड्याने कपडे देणाऱ्या चिंचवडच्या दुकानातून परातीएवढ्या पुठ्ठ्याच्या टोप्या आल्या, डिंकाने चिकटवायच्या मिशा आल्या आणि सोफ्याच्या कापडाला मधोमध भोक पाडून केलेले पोंचो आले. वेशभूषा स्पर्धा ठरली. परीक्षक अर्थातच पाहुण्या बाई. मलाही एक मिशी मिळाली आणि मी ती निमूट लावली, हे आधीच सांगून टाकते.

त्या दिवशी बाई कॅन्टीनमध्ये आल्या त्या एका सैलसर, सरळ कापाच्या पांढऱ्या झग्यात. खांद्यांवर आणि छातीवर लाल-काळ्या शंकरपाळ्यांची दाट नक्षी. साहेबांचा चेहरा पडला. मला बाजूला घेऊन म्हणाले, “मॅडम, ह्या तर गाऊन घालून आल्यात. फोटोत काय दिसणार? त्यांना एक पोंचो द्या.”

“तुम्हीच द्या,” मी म्हणाले. माझं धाडस एवढंच.

त्यांनी दिला. सत्काराची शाल द्यावी तसा, दोन्ही हातांनी. “मॅडम, प्लीज, काहीतरी मेक्सिकन घाला ना.”

बाईंनी पोंचो उलटा केला, शिवण ओढून पाहिली आणि तो टेबलावर ठेवला. “मग मी घातलंय ते काय आहे?” त्यांनी इंग्रजीत विचारलं.

साहेब हसले. कळलं नाही की हसायचं, ही त्यांची जुनी सवय.

मग सगळे रांगेने चालत गेले. प्लांट हेड प्लॅस्टिकची गिटार घेऊन दोनदा गेले. बाईंनी गुणांच्या कागदावर प्रत्येकापुढे शून्य लिहिलं, माझ्यापुढेही, आणि खाली सही केली. साहेबांनी तो वाचला, घडी करून खिशात घातला आणि प्लांट हेडना पहिला नंबर दिला. टाळ्या झाल्या. त्यात माझ्याही होत्या.

चहाचे कप गोळा करायला आलेल्या कॅन्टीनच्या मावशी बाईंपाशी थांबल्या. मावळातल्या खेड्यातून रोज येतात त्या. त्यांनी मला विचारलं, “हे हातानं विणलंय व्हय?”

मी विचारून सांगितलं. दिवसभरात पहिल्यांदा बाईंचा चेहरा सैल झाला. या कपड्याला विपील म्हणतात. त्यांची आई दक्षिणेकडच्या डोंगरातली, माया लोकांतली. मागाचं एक टोक ती अंगणातल्या झाडाला बांधते, दुसरं पट्ट्याने स्वतःच्या कमरेला. मागे रेलली की धागे ताणले जातात. नक्षी नंतर सुईने भरलेली नव्हे, विणतानाच घातलेली, पैठणीच्या पदरासारखी. या एकाला तिचे सहा महिने गेले होते.

“म्हंजे बाईच मागाचा खांब हाय की,” मावशी म्हणाल्या. मी ते इंग्रजीत सांगितल्यावर बाई मनापासून हसल्या आणि त्यांनी गळ्याची कड उलटून मावशींना आतली बाजू दाखवली.

मला लाज वाटली. मी माफी मागायला लागले, तर बाई म्हणाल्या, “आधी ती मिशी काढ. मग बोलू.”

रिसेप्शनला त्या दिवसाचा मोठा फोटो लागला आहे. मध्ये प्लांट हेड आणि गिटार. बाईंचा फक्त एक खांदा कडेला आलाय. खाली लिहिलंय, ‘मेक्सिकन परंपरेचा सन्मान’.

यंदा जपानी पाहुणे येणार आहेत. साहेबांनी किमोनोच्या समितीत माझं नाव घातलं. मी नाही म्हणाले. अप्रेझलमध्ये शेरा आला, ‘टीम स्पिरिट कमी’. माझ्या जागी दुसरीला घेतलंय आणि तिने नाइटीचं सॅटिन मागवलंय, असं ऐकते.