पुडिंगमधली पावली

शेखरने आपल्या काकूंना फसवलं. घराला रंग द्यायचा आहे, महिनाभर वृद्धाश्रमात राहा, असं सांगून त्यांना स्वतःच्या घरातून बाहेर काढलं, ते एक. पण आज मी त्याबद्दल लिहीत नाही. घराचं काय व्हायचं ते वकील बघतील. मी लिहितोय ते एका पुडिंगबद्दल. एवढ्यासाठी हा माणूस पेपरात लिहायला बसला, असं वाटून कुणाला हसू आलं तर येऊ दे. शेवटपर्यंत वाचा आणि मग हसा.

आयरीनवहिनी, म्हणजे शेखरच्या या काकू, गेल्याचं मला शेखरने कळवलं नाही. त्र्यंबक रस्त्यावरच्या त्या वृद्धाश्रमातून सिस्टरचा फोन आला. मी दुकानात एका व्यापाऱ्याशी बेदाण्याच्या भावावरून तावातावाने बोलत होतो. सिस्टर म्हणाली, "शेठ, आजी सकाळी गेल्या. तुमचं नाव घ्यायच्या, म्हणून कळवलं." मी फोन ठेवला आणि व्यापारी म्हणत होता त्या भावाला हो म्हणून टाकलं. तो माझ्याकडे बघतच राहिला. मी पहिल्या भावाला माल घेतल्याचं त्याने कधी पाहिलं नव्हतं.

मी मूळचा निफाडकडचा. हातगाडीवर बेदाणे विकत नाशकात आलो आणि गंगापूर रोडला दुकान टाकलं. कुणाच्या उपकारात नाही. तोंडाने तिखट आहे हे गिऱ्हाइकं सांगतात आणि तरी येतात, कारण माल खोटा निघत नाही. वहिनी पहिल्यांदा दुकानात आल्या तेव्हा माझं दुकान नवीन होतं. उंच, गोरी, सुती साडीतली बाई. पायरीवर चप्पल काढून आत आली आणि शाळेच्या पुस्तकातल्यासारख्या मराठीत म्हणाली, "आपल्याकडे कस्टर्ड पावडर मिळेल का?" मी डबा काढला आणि सांगायची म्हणून एक किंमत सांगितली. बाईने पर्स उघडून पैसे ठेवले. माझं डोकंच फिरलं.

"अहो बाई, भाव तरी करा."

"पण तुम्ही किंमत सांगितली ना?"

"सांगितली. ती सांगायची असते. देतंय कोण?"

त्यांना काही कळेना. संध्याकाळी त्यांचे यजमान आले, माधवराव. इंग्लंडात नोकरी करून, तिथेच लग्न करून परत आलेले, सातपूरला मशीनचे सुटे भाग बनवायचं वर्कशॉप काढलेले. हसत म्हणाले, "शेठ, आमच्या घरात दुपारपासून चर्चा चालू आहे. दुकानदार पैसे घ्यायला चिडला म्हणतेय ही." त्यानंतर दोनेक वर्षांनी एका व्हिनेगरच्या बाटलीवरून वहिनींनी माझ्याशी अशी घासाघीस केली, की रागाने पायरी उतरून गेल्या, रस्त्यापर्यंत जाऊन परत आल्या आणि म्हणाल्या, "शेवटचं सांगा." मी बाटली त्यांनी म्हटलं त्या भावाला दिली. त्या दिवशी बाई नाशिककर झाली असं मी माधवरावांना सांगितलं. त्यांनी रस्त्यात उभं राहून मला टाळी दिली होती.

त्या इथे चार-पाच वर्षांसाठी आल्या होत्या, आणि राहून गेल्या. मूलबाळ झालं नाही. तक्रार करणारी बाई नव्हती, पण जिभेला आपलं माहेर आठवतंच. त्या माझ्या दुकानात येऊन डबे उघडायला लावायच्या, वास घ्यायच्या. निफाडच्या गुऱ्हाळावरून मी काकवी आणली होती, ती बोटावर घेऊन त्यांनी चाखली आणि म्हणाल्या, "ही आमच्या घरी पावावर असायची." एकदा माझ्या बायकोने भेळेसाठी केलेली चिंच-खजुराची चटणी त्यांना दिली. मिरची नव्हती तिच्यात. त्यांनी बोट पुन्हा वाटीत बुडवलं. मग म्हणाल्या, "माझे वडील सॉसेजबरोबर एक तपकिरी सॉस खायचे. इतकी वर्षं मी तो मुंबईत शोधतेय... आणि तो तुमच्या भेळेत आहे." संत्र्याचा मार्मलेड, म्हणजे सालीसकट केलेला मुरंबा, त्यांना फार गोड लागायचा. त्यांना कडवटपणा हवा असायचा. आमच्या मळ्यात ईडलिंबाचं एक झाड आहे. लोणच्यापलीकडे त्याचा कुणाला उपयोग नव्हता. वहिनींनी त्याच्या सालीचा मार्मलेड केला आणि पुढे दर हिवाळ्यात पोतंभर ईडलिंबं त्यांच्याकडे जाऊ लागली. सातपूरच्या कारखान्यांत कामाला आलेले, वायनरीत आलेले गोरे लोक त्यांचा पत्ता शोधत यायचे. डोळ्यांत घरची आठवण घेऊन आलेली ती तरणी पोरं वहिनींच्या स्वयंपाकघरात साय लावलेले गरम स्कोन, म्हणजे त्यांच्याकडचे छोटे गोडसर पाव, खायची. मग वहिनी त्यांना माझ्याकडे पाठवायच्या आणि बजावायच्या, "शेठ किंमत सांगतील. लगेच देऊ नका. त्यांना राग येतो."

आता पुडिंग. दिवाळी आटोपली की त्या नाताळचं पुडिंग करायच्या. बेदाणे माझे, मी स्वतः निवडलेले. काकवी, ईडलिंबाची साखरेत मुरवलेली साल, ब्रँडी, जायफळ, आणखी काय काय. ते काळं मिश्रण घरातल्या प्रत्येकाने एकदा ढवळायचं, डोळे मिटून, मनात काही मागून. मलाही बोलवायच्या. मी घरातला कसा, असं पहिल्या वर्षी विचारलं, तर म्हणाल्या, "बेदाणे तुमचे ना? मग ढवळा." शेवटी माधवराव त्यात एक नाणं दडवायचे. आपल्या माहेरी चांदीचं नाणं असायचं, असं वहिनी सांगायच्या. इथे माधवरावांनी चार आण्यांच्या जुन्या पावल्या ठरवल्या, त्यांच्या वडिलांच्या काळातल्या, उकळून स्वच्छ केलेल्या, दर वर्षी एक. ज्याच्या घासात पावली येईल त्याचं वर्ष चांगलं. ती पावली पुन्हा पुढच्या वर्षीच्या पुडिंगमध्ये. आणि हे पुडिंग लगेच खायचं नसतं, हे मुख्य. चिनी मातीच्या खोल वाडग्यात भरून, वर कापड बांधून, मोदकासारखं वाफवायचं, तेही तासन् तास. मग मुरायला ठेवायचं. दर वर्षी दोन वाडगे व्हायचे. एक त्या नाताळला, आणि पावलीचा वाडगा वर्षभर ठेवून पुढच्याला. जितकं जुनं तितकं चांगलं. आपण लोणचं मुरवतो तसं, असं म्हणून मी समजून घेतलं होतं.

माधवरावांनी शेवटचं पुडिंग ढवळलं तेव्हा त्यांना खुर्चीतून उठता येत नव्हतं. वहिनींनी पातेलं त्यांच्या मांडीवर धरलं. हातात जोर नव्हता, चमचा अर्धा फिरला आणि थांबला. वहिनींनी त्यांच्या हातावर हात ठेवून तो पुरा केला. मग वर्षभर ठेवायचा वाडगा भरून त्यांच्यापुढे धरला, तेव्हा माधवरावांनी माझ्याकडे हात पुढे केला. पावली माझ्याकडे होती, आदल्या नाताळला माझ्या घासात आली होती. मी ती त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती बोटाने पिठात खोल दाबली आणि बोट चाटलं. "गोड आहे, शेठ," म्हणाले. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. लक्षात ठेवा.

संक्रांतीनंतर ते गेले. घरात सुतक. गावाहून आलेल्या माधवरावांच्या आत्याबाईंनी रिवाजाप्रमाणे घरातलं शिजवलेलं सगळं काढून टाकायला सुरुवात केली. वहिनी कधी नव्हे त्या मोठ्याने बोलल्या, "तो वाडगा नाही." आत्याबाई अडून बसल्या. मी म्हटलं, मी घेऊन जातो, म्हणजे तो या घरात नाही आणि टाकलाही नाही. दोघींना पटलं. माझ्या दुकानात गल्ल्यामागच्या फळीवर तो वाडगा तेरावं होईपर्यंत होता. वर माधवरावांचा जुना पांढरा रुमाल, सुतळीने बांधलेला. तेराव्याला मी तो परत नेऊन वहिनींच्या हातात दिला. त्या म्हणाल्या, "येत्या नाताळला आपण उघडू. तुम्ही या."

मग शेखर आला. माधवरावांच्या थोरल्या भावाचा मुलगा. काकू एकट्या, म्हणून बायकोला घेऊन राहायला आला. गोड बोलणारा माणूस. दुकानात यायचा आणि भाव न करता माल घ्यायचा, तेव्हाच मला त्याचा संशय यायला हवा होता. पावसाळ्यात रंगाचं निघालं, आणि वहिनी एक सुटकेस घेऊन वृद्धाश्रमात गेल्या. महिना झाला, दुसरा झाला. मी दर रविवारी जायचो. काकवी न्यायचो, बिस्किटं न्यायचो. त्यांचं खाणं कमी होत चाललं होतं. घराबद्दल त्या काही विचारायच्या नाहीत. एकच विचारायच्या, "शेठ, वाडगा?" आणि स्वतःच उत्तर द्यायच्या, "शेखर म्हणतो फ्रीजमध्ये आहे. नाताळला आणतो म्हणतो." मग त्या थोडा भात खायच्या. त्या नाताळपर्यंत टिकायचं ठरवून बसल्या होत्या, हे मला दिसत होतं.

नाताळ जवळ आला तसा मी वाडगा आणायला त्यांच्या घरी गेलो. शेखरच्या बायकोने पाणी आणलं. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं, ओट्यावर वाडगा दिसला. तोच, कडेला निळी रेघ असलेला. आत दही लावलेलं होतं.

"यात काय होतं ते कुठंय?"

"ते काळं? ते तर रंगाच्या वेळीच घंटागाडीत दिलं, शेठ. वर्षाचं शिळं. त्यात काका गेल्याच्या आधीचं. असलं कोण ठेवतं घरात?"

तिला मी दोष देत नाही. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. शेखरला माहीत होतं. तो आतून आला, मला गॅलरीत घेऊन गेला आणि हळू आवाजात म्हणाला, "शेठ, तुमच्याकडे असले पुडिंगचे डबे येतात ना नाताळात? एक द्या. वाफवून नेतो. काकूंना काय कळणार आता?"

मी आयुष्यभर विकत आलोय. साध्या बेदाण्याला भारी म्हणून सांगितलं नाही असं म्हणणार नाही. पण एका बाईच्या नवऱ्याच्या हातचं शेवटचं म्हणून डबा विकायचा? काय बोललो ते इथे छापता येणार नाही. खालच्या मजल्यावरचे लोक बाहेर आले. शेवटी म्हटलं, "तू चुकून टाकलंस, ठीक. काकूंसमोर बस आणि तसं सांग. त्या रडतील आणि माफ करतील. नाताळपर्यंत तुला मुदत." तो हो म्हणाला. मी वाडगा मागितला. त्याची बायको म्हणाली, "दही लागलंय त्यात." मी म्हटलं, दही तुझं, भांडं माझं. भांड्यांच्या दुकानातून नव्या वाडग्यांचा संच मागवून दिला आणि जुना वाडगा घेऊन निघालो. तोवरच्या आयुष्यात घासाघीस न करता केलेला हा माझा पहिलाच सौदा.

नाताळच्या दुपारी मी वृद्धाश्रमात पोचलो तेव्हा शेखर आधीच येऊन बसला होता. वहिनी पलंगावर उशीला टेकून, पुढ्यात ताटली. ताटलीत काळा गोळा. कुठून आणला होता कोण जाणे. मी दारातच थांबलो, कारण वहिनी खात होत्या. आठवडाभर पेजेवर असलेली ती बाई एकेक चमचा तोंडात घेऊन, जिभेने चाचपून, दातांनी हळूच दाबून बघून गिळत होती. चव त्यांना कळली नसेल असं मला वाटत नाही. पण त्या खात राहिल्या. त्या पावली शोधत होत्या. ताटली संपली. त्यांनी चमचा बाजूला ठेवला, बोटांनी चुरा चाळला.

"पावली नाही," त्या म्हणाल्या.

आणि शेखर म्हणाला, "काका विसरले असतील, काकू. त्यांना शेवटी शेवटी कुठे काय आठवत होतं?"

वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं. "माधव विसरला?"

मी आत गेलो. म्हटलं, "वहिनी, माधवराव विसरले नाहीत. मी त्यांच्या हातावर ठेवली होती, तुमच्यासमोर. हे ते पुडिंग नाही. ते यांनी फेकून दिलं." शेखर हसला, शांतपणे. "शेठना भांडायला काहीतरी लागतं, काकू. तुम्हाला माहीतच आहे." वहिनी एकदा त्याच्याकडे बघत होत्या, एकदा माझ्याकडे. ते ढवळणं झालं तेव्हा त्यांचं लक्ष सगळं नवऱ्याच्या हाताकडे होतं. पावली पाहिल्याचं त्यांना आठवत होतं की नाही, मला सांगता येत नाही. मी भांडकुदळ, हे साऱ्या रस्त्याला ठाऊक. तो घरचा, गोड बोलणारा. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "मला झोपू द्या."

त्यानंतर मी गेलो की त्या माझा हात धरून पडून राहायच्या. पुडिंगचा विषय त्यांनी काढला नाही. मी काढला तर मान फिरवायच्या. सिस्टर सांगायची, खाणं सुटलंय. थंडी सरता सरता त्या गेल्या. माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास बसला होता, की आपला नवरा आपल्याला विसरायला लागला होता असं समजून त्या गेल्या, हे मला कधीच कळणार नाही.

वाडगा आता पुन्हा माझ्या गल्ल्यामागच्या फळीवर आहे, सुतकात होता त्याच जागी. स्वच्छ धुतलेला, रिकामा. रुमाल मात्र त्या कचऱ्याबरोबरच गेला. जुनी गोरी गिऱ्हाइकं येतात, वाडगा बघतात आणि विचारतात, आयरीन कशा आहेत? मी सांगतो.

शेखर, हा पेपर तुझ्या घरी येतो, मला माहीत आहे. पुडिंग टाकलंस, ते मी सोडून देतो. घराचंही मी बोलणार नाही. पण मेलेल्या माणसावर खोटं ढकललंस आणि मरणाऱ्या बाईला ते खाऊ घातलंस, त्याचं उत्तर तुला द्यावं लागेल. माझ्या दुकानात ये. दिवसा ये, गिऱ्हाइकं असताना. या वाडग्यासमोर उभा राहा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग, काका विसरले नव्हते. यात एक शब्द कमी चालणार नाही. मी वाट बघतोय.