वाकण्याची जागा

आमच्या बागेत चिकू तोडायला येणारी लाडकीआजी एका ठिकाणी नेहमी वाकून जाते. दोन झाडांमधली मोकळी जागा आहे ती, वर फांदीसुद्धा नाही. काल मी हसून विचारलं, "आजी, आभाळ लागतंय का डोक्याला?"

तीही हसली. "दार होतं गं बाय आमचं इथं. तुझ्या आज्यानं बाग लावली, तवा घर मोडलं. पण मान काय इसरत नाय."

'कसेल त्याची जमीन' हे मी पत्रकांवर वाचत वाढले, मोर्चांत घसा फुटेपर्यंत ओरडले. आणि आजोबांनी ओसाड माळावर बाग फुलवली, हेही तितक्याच अभिमानाने सांगत आले. ओसाड! इथे चूल पेटत होती. माणसं वाकून आपल्या घरात शिरत होती.

संध्याकाळी बाबा पाहुण्यांना बाग दाखवत नेमके तिथेच थांबले. "इथे नुसता माळ होता," ते म्हणाले.

"नाही बाबा. इथे लाडकीआजीचं घर होतं. तुम्ही उभे आहात ते तिचं दार."

पाहुणे नकळत एक पाऊल मागे सरले. बाबा मात्र दारातच उभे राहिले.