वीस अंक

शाळेत मी कवायतीचा मास्तर होतो आणि माझा स्वभाव शिट्टीसारखा: एकदा वाजली की समोरच्यानं थांबायचं. घरी मात्र ती शिट्टी चालत नव्हती.

मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. दिवाळीच्या सुटीत वाशीमहून केनवडला आलो तेव्हा ज्वारी दाण्यात भरली होती आणि बाबांना मचाणावर चढायचं होतं. चाळीस वर्षं तिथे उभं राहून त्यांनी गोफण फिरवली होती. पण पावसाळ्यात ते अंगणात पडले होते. हाड वाचलं, चाल बदलली. वळताना त्यांचा हात भिंत शोधायचा.

मी म्हणालो, "बाबा, तिथून पडलात तर उठणार नाही तुमी."

"मंग काय, खाटेवर बसून मरू?"

शेवटी मी अट घातली. एका पायावर वीस अंक, मग दुसऱ्यावर वीस, आधाराशिवाय. जमलं तर चढा.

अंगणात फक्कीची रेघ मारली. रोज सकाळी टाचेला बोटं लावत तिच्यावरून चालायचं, मग एका पायावर उभं राहायचं. पहिल्या दिवशी सहालाच पाय टेकला. चौथ्या दिवशी बारा झाले. "काहून रे मास्तर, शाळेतल्या पोट्ट्यायले असंच छळतं का तू?" ते विचारायचे. मी हसायचो नाही. मी नसताना ते डोक्यावर भरला तांब्या घेऊन रेघेवरून चालतात, हे मला ओल्या फक्कीवरून आणि त्यांच्या भिजलेल्या टोपीवरून कळलं. राग आला. खरं तर भीती वाटली. मला भीती रागासारखीच येते.

सुटी संपायच्या आदल्या दिवशी परीक्षा घेतली. उजव्या पायावर वीस झाले. मग डाव्यावर, म्हणजे पडल्या बाजूवर. चौदाला मांडी थरथरू लागली. नजर त्यांनी कडुनिंबाच्या एका फांदीवर रोवली होती. त्यांनी हरावं असं मला वाटत होतं, म्हणून मी अंक लांबवले. पंधरा आणि सोळाच्या मध्ये चक्क दोनदा श्वास घेतला. आज लाज वाटते. बाबा उभेच राहिले. वीस म्हणताच त्यांनी खुंटीवरची गोफण काढली आणि वावराची वाट धरली.

ते शिडी चढले. मी खाली हात वर करून उभा. पाखरांचा थवा आला. बाबांनी गोफण गरगरा फिरवली, दगड सुटला, त्याच्यामागे नजर गेली, नजरेमागे मान आणि मग सगळं अंग. अंगणात नजर फांदीला बांधलेली होती, इथे ती उडत होती. हे मी तपासलंच नव्हतं. त्यांची एक टाच फळीबाहेर आली. ते कसेबसे खाली बसले आणि दोन्ही हातांनी मचाणाची बल्ली घट्ट धरली.

थवा फिरून परत कणसांवर उतरला. त्याला कोणी हाकललं नाही.

बऱ्याच वेळानं गोफण माझ्या पायाशी येऊन पडली. "पंधरा-सोळा लय लांबवले तुनं," बाबा वरून म्हणाले. "समजत होतं मले."

मी मान खाली घातली. वर पाहिलं तेव्हा त्यांचा डावा पाय शिडीची पायरी शोधत हवेत लटकत होता. जन्मात ज्यांनी कोणाचा हात धरला नव्हता, ते म्हणाले, "आता मोजू नको, बाप्पा. नुसता धर मले."